लेक्चरचे पॉडकास्ट करणार असाल तर सोबत एक कागदही द्या

मॅडम, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवता, मराठी माध्यमातून. वर्गातली बरीच मुलं एसटीनं येतात आणि कांदा काढणी किंवा ऊसतोड सुरू झाली की दिसेनाशी होतात. प्राचार्यांनी सांगितलंय, प्रत्येक लेक्चर रेकॉर्ड करा आणि पॉडकास्ट म्हणून टाका. तुमची भीती अशी की मग वर्गात नुसती बाकं उरतील. शिवाय माईक कुठला, किती मिनिटं, फाईल ठेवायची कुठे, हे तुम्ही विचारलंय.

सरळ उत्तर देतो. पॉडकास्ट जरूर करा. पण तासाचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं टाकू नका, आणि सोबत कागद दिल्याशिवाय एकही फाईल पाठवू नका. ऑडिओ करणाऱ्या सहकाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा माईकवर असतं. खरा फरक मात्र मुलाच्या हातात ऐकताना काय आहे यानं पडतो.

तासाचं रेकॉर्डिंग का नको? आपला तास आठवून बघा. हजेरी, मागचा आढावा, मागच्या बाकावरच्यांना एक दम, मग फळ्याकडे वळून "हे बघा, ही रेषा इथून अशी खाली येते". एसटीत कानाला फोन लावून बसलेल्या पोराला "इथून" म्हणजे कुठून आणि "अशी" म्हणजे कशी? जो त्या तासाला हजर होता त्याला फळा आठवतो, म्हणून त्याच्यासाठी हे रेकॉर्डिंग उजळणीपुरतं चालतं. जो नव्हता त्याच्या हाती आवाजाशिवाय काही लागत नाही. गंमत अशी की आपण हे सगळं त्या न आलेल्या मुलासाठी करतोय असं समजत असतो.

दुसरं नुकसान वर्गातच होतं. टेबलावर फोन रेकॉर्डिंगला लावला की मुलं प्रश्न विचारायची थांबतात. पहिल्या वर्षाच्या मुली तर हमखास. आपला अडखळता प्रश्न उद्या कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल, ही धास्ती खोटी नाही. प्रश्न बंद पडलेला तास रेकॉर्ड करून जतन तरी कशाला करायचा?

आता संशोधनाबद्दल, कारण प्राचार्यांशी बोलताना ते तुमच्या कामी येईल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २००४ साली पहिल्या वर्षाच्या सुमारे १६५० विद्यार्थ्यांना एकेक आयपॉड देऊन टाकला आणि तिथून कॉलेजमधल्या ऑडिओची चर्चा जोरात सुरू झाली. पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया इथल्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी एक छोटा प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी वर्गात बसून लेक्चर ऐकलं, काहींनी तेच लेक्चर पॉडकास्टवर ऐकलं. स्लाइडच्या छापील प्रती दोघांनाही दिल्या होत्या. चाचणीत पॉडकास्टवाले पुढे निघाले आणि "प्राध्यापकांची गरज संपली का" असे मथळे फिरले. मथळ्यांत एक गोष्ट गळून जाते. वर्गातल्या विद्यार्थ्यांपेक्षा ठळकपणे पुढे होते ते ऐकता ऐकता टिपणं काढणारे. ते थांबवू शकत होते, मागे नेऊ शकत होते आणि हातात पेन होतं. हा एकाच लेक्चरचा प्रयोग आहे, त्यावर सगळी इमारत उभी करू नका. पण त्यातली ही खूण माझ्या वर्गातल्या अनुभवाशी तंतोतंत जुळते.

इंग्लंडमधल्या ब्रुनेल विद्यापीठातला २००८ चा अभ्यासही लोक पुढे करतात. सुमारे दोनशे विद्यार्थ्यांना परीक्षेआधी उजळणीचे पॉडकास्ट दिले आणि पाठ्यपुस्तकापेक्षा ते उजळणीला बरे वाटले, असं विद्यार्थ्यांनी सांगितलं. तिथं मोजलं ते विद्यार्थ्यांचं मत, गुण नव्हेत. तरी "उजळणी" हा भाग लक्षात ठेवा. विषयाची पहिली ओळख वर्गात, दुसरी भेट कानावर, असा क्रम मला सर्वांत फळतो असं दिसलंय. उलटा क्रम, म्हणजे आधी घरी ऐकून या आणि मग वर्गात बोलू, हा शहरातल्या निवडक वर्गात चालत असेल. आपल्याकडे ऐकून येणारे पाच आणि न ऐकता आलेले पंचावन्न अशी गत होते, आणि शेवटी सगळं पुन्हा सांगावंच लागतं.

तर कागद. प्रत्येक ऑडिओसोबत ए-फोर आकाराचं एक पान, एकाच बाजूला छापलेलं. वर ऑडिओचा क्रमांक आणि विषय. मग त्या भागात येणारे पारिभाषिक शब्द मराठी-इंग्रजी दोन्हीत नीट लेखनासह, कारण कानावर पडलेला शब्द मुलं उत्तरपत्रिकेत भलताच लिहितात. त्याखाली अर्धवट सोडलेली वाक्यं किंवा रिकामी चौकट, जी ऐकताना भरायची. तळाला एक प्रश्न, ज्याचं उत्तर ऑडिओत नाही. पान भरून पुढच्या तासाला आणायचं. तुम्ही ते तपासायला घेऊ नका, जीव जाईल. शेजाऱ्याशी अदलाबदल करून मुलांनीच पाहायचं, आणि तळाच्या प्रश्नावर तास सुरू करायचा.

एक उदाहरण सविस्तर देतो: मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खरेदी किती बदलते. आकृत्यांचा विषय ऑडिओत होत नाही असं सगळे म्हणतात, तुम्हीही लिहिलंय. होतो, पण आकृती ऐकणाऱ्याकडून काढून घ्यावी लागते. मी पानावर एक चौकट देतो. उभ्या रेघेवर २० आणि ४०, आडव्या रेघेवर ४ आणि ५ एवढंच छापलेलं. ऑडिओत म्हणतो: "कांदा २० रुपये किलो होता तेव्हा एका घरात महिन्याला ५ किलो लागायचा. भाव ४० झाला. आता ते घर ४ किलो घेतं. पेन्सिल घ्या. उभ्या रेघेवर २० शोधा, तिथून उजवीकडे सरका, आणि खालच्या ५ च्या बरोबर वर आलात की ठिपका द्या. दहा सेकंद थांबतो." मग खरोखर थांबायचं. "थांबतो" हे बोलून थांबा, नाहीतर मुलांना वाटतं फाईल अडकली. मग दुसरा ठिपका, मग दोन्ही जोडणारी रेघ. पुढे हिशेब: भाव किती टक्के वाढला? शंभर. खरेदी किती टक्के घटली? वीस. विसाला शंभरानं भागा, ०.२ आलं. एकापेक्षा कमी, म्हणजे मागणी अलवचीक. आकडे बोलताना एका वाक्यात एकच आकडा ठेवा, आणि तोही दोनदा सांगा.

इथं एक इशारा मी ऑडिओतच देतो. रेघ किती उभी दिसते यावरून लवचिकता ठरवू नका, मोजमाप बदललं की उतार बदलतो. मुलं वर्षानुवर्षं ही चूक करतात आणि काही गाइडंसुद्धा करतात.

तळाचा प्रश्न असतो: त्या घराचा कांद्यावरचा खर्च किती होता आणि किती झाला? हिशेब सोपा आहे, १०० चे १६०. पुढच्या तासाला वर्गात मी तो उलटा फिरवतो. भाव वाढला तर एकूण रक्कम वाढते, मग भरघोस पीक येऊन भाव पडला तर कांदा पिकवणाऱ्याच्या हातात काय येईल? लासलगावच्या बाजार समितीत बापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून गेलेला मुलगा वर्गात असेल तर त्या तासाला तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. वाहतूक, साठवणीतली नासाडी, निर्यातबंदी, सगळं तोच काढतो. ही चर्चा मी कधीच ऑडिओत घालत नाही. गणित आणि व्याख्या कानावर सोपवायच्या आणि वाद वर्गासाठी राखायचा, अशी माझी वाटणी आहे.

हजेरीच्या भीतीचं उत्तरही मला इथंच सापडतं. लेक्चर रेकॉर्डिंगमुळे हजेरी घटते का, यावर परदेशातल्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. काहींना घट दिसली, काहींना नाही. माझं निरीक्षण असं की न येणारा ऑडिओ असो-नसो येत नाही, आणि मन लावून शिकणारा दोन्ही करतो. धोका मधल्या मुलाला आहे. "रेकॉर्डिंग आहेच की" म्हणून तो तास बुडवतो आणि ते रेकॉर्डिंग परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत उघडत नाही. त्याच्यासाठी दोन पथ्यं. ऑडिओ तासाच्या आधी किंवा लगेच नव्हे, आठवड्याच्या शेवटी द्यायचा. आणि छापील पान वर्गातच वाटायचं. कांदा काढणीला गेलेल्या मुलासाठी गावातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पान पाठवा, ती सोय मुलं आपसांत बिनबोभाट करतात. ७५ टक्के हजेरीच्या नियमाचा धाक घालून जे होत नाही ते कधीकधी या पानानं होतं.

किती मिनिटं? बारा, फार तर पंधरा. एका भागात एकच संकल्पना. मी सावकाश बोलतो, मिनिटाला साधारण एकशेदहा शब्द, म्हणजे बारा मिनिटांना तेराशे शब्दांचा मजकूर होतो. पूर्ण लिहून काढा, पण लिहिताना बोला. "सदर सिद्धांताची गृहीतके पुढीलप्रमाणे आहेत" असं वाक्य तोंडातून आलं की समजा, तुम्ही पुस्तक वाचताय. रचना मी आकाशवाणीच्या बातम्यांकडून उचलली आहे: आधी ठळक मुद्दे, मग विस्तार, शेवटी पुन्हा ठळक मुद्दे. वाचकाला मागचं पान उलटता येतं. ऐकणारा मात्र खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत बसलेला असतो, त्याला हे दोनदा सांगणं लागतं. मुलं वेग वाढवून ऐकतात म्हणून चिडू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतल्या २०२१ च्या एका अभ्यासात व्हिडिओ लेक्चर दुप्पट वेगापर्यंत पाहूनही समजण्यात फारसा फरक पडला नाही, त्यापुढे मात्र पडला. अर्थात आकृती काढायची असेल तर वेग आपोआप कमी होतो.

एक गोष्ट अर्थशास्त्राच्या शिक्षकानं विशेष जपायची. बदलणारा आकडा मुख्य ऑडिओत बोलायचा नाही. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, मे २०२० पासून दोन वर्षं ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला, आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरायला लागला. "सध्या रेपो दर ४ टक्के आहे" असं छान आवाजात रेकॉर्ड केलेला भाग तीन वर्षांनी मुलांना चुकीचं शिकवत बसतो, आणि तो कुणाच्या फोनमध्ये आहे हे तुम्हाला कळतही नाही. रेपो दर म्हणजे काय, तो वाढवला की बँकांचं कर्ज महाग कसं होतं, हे ऑडिओत. आजचा दर कागदावर, तारखेसह. बँकांनी ठेवींचा किती भाग राखून ठेवायचा हे सांगणाऱ्या रोख राखीव प्रमाण आणि वैधानिक रोखता प्रमाण यांनाही हेच लागू. अर्थसंकल्पाचे आकडे तर ऑडिओत आणूच नका.

साधनांचं थोडक्यात. कॉलरला लावायचा साधा वायरवाला माईक पुरतो. माईकपेक्षा खोली महत्त्वाची. रिकामा वर्ग घुमतो, म्हणून घरातली गाद्या-कपड्यांची खोली निवडा, पंखा बंद करा, आणि पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका. कापाकापीला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. सुरुवातीची शांतता कापणं, खोकला काढणं आणि आवाजाची पातळी सारखी करणं एवढं आलं की झालं. पार्श्वसंगीत नको. ते शिकणाऱ्याला त्रास देतं आणि गाणं कुणाचं तरी असतं. पहिले काही भाग करताना बारा मिनिटांना दोन-अडीच तास जातील, नंतर हात बसतो.

फाईल एमपी-थ्री, मोनो, ६४ केबीपीएस. मिनिटाला अर्ध्या एमबीहून किंचित कमी, म्हणजे बारा मिनिटांचा भाग सहा एमबीच्या आत. बोलण्याला एवढा दर्जा भरपूर झाला. फोनचं रेकॉर्डर बहुधा वेगळ्या प्रकारची फाईल देतं, ती बदलून घ्या. घरात साधा बटणांचा फोन असेल तर त्यावरही एमपी-थ्री वाजते, दुसरं काही वाजेलच असं नाही. वाटप व्हॉट्सअ‍ॅपच्या वर्गगटावर, आणि गटात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली तुमचा ऑडिओ गाडला जातो. वसतिगृहात मुलं पुढे फोनवरून फोनवर देतात, डेटा लागत नाही. स्पॉटिफाय वगैरेवर जाहीर पॉडकास्ट काढायची घाई नको. काढलाच तर मूळ फाईली स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा. लेक्चरं ठेवायला अ‍ॅपलचं आयट्यून्स यू जगभरच्या विद्यापीठांनी वापरलं, ते २०२१ च्या अखेरीस बंद झालं. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये गेलं. अशा ठिकाणांच्या भरवशावर अभ्यासक्रम बांधू नये.

आता ज्याला ऐकूच येत नाही त्याचं काय? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं वीस हजारांहून जास्त लेक्चरांची रेकॉर्डिंगं सगळ्या जगाला खुली ठेवली होती. त्यांना उपशीर्षकं किंवा लिखित मजकूर धड नव्हता, कर्णबधिरांच्या बाजूनं तक्रार झाली, अमेरिकेच्या न्याय विभागानं ती उचलून धरली, आणि सगळं सुधारण्याचा खर्च टाळण्यासाठी २०१७ मध्ये विद्यापीठानं ती सार्वजनिक वापरातून काढूनच घेतली. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ज्यानं आधी लिहून काढलं आहे त्याला ही अडचण येत नाही, कारण तेराशे शब्दांचा तो मजकूर हेच लिखित रूप. मागेल त्याला तो द्या. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ऑडिओ लाभतो, पण चौकटीतली आकृती लाभत नाही. त्याच्यासाठी ठिपके-रेघांचा भाग आकड्यांच्या भाषेत पुन्हा सांगणारं मिनिटभर जोडा.

हक्कांबाबत दोनच सूचना. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं मजकूर वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम मोकळीक देतं, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात, म्हणजे पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या प्रती काढण्यावरून प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात, २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं तिचा उदार अर्थ लावला. पण ते वर्गातल्या विद्यार्थ्यांपुरतं होतं. पुस्तकातली पानंच्या पानं वाचून जगाला खुली करणं यात मोडत नाही. आणि तुमच्या आवाजातल्या या फाईली संस्थेच्या की तुमच्या, तुमची बदली झाली तर पुढे वापरायच्या की नाहीत, हे आत्ताच लेखी ठरवून घ्या. विद्यार्थ्याचा आवाज येत असेल तर त्याची परवानगीही लेखी घ्या.

प्राचार्यांचा रोख बहुधा नॅककडे, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेकडे असणार, तेव्हा त्यांना एक सांगता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) शिक्षकांच्या नेमणूक-बढतीबाबतच्या २०१८ च्या नियमावलीत ई-सामग्रीला जे गुण आहेत ते चार भागांच्या रचनेला आहेत: दृकश्राव्य पाठ, लिखित मजकूर, पूरक साहित्य व चर्चा, आणि स्वयंमूल्यमापन. चारही भाग असलेल्या पूर्ण अभ्यासक्रमाला १२ गुण, एका घटकाला ५. नुसतं तासाचं रेकॉर्डिंग यात फार तर एक भाग ठरेल. ऑडिओ, त्याचा लिखित मजकूर, भरायचं पान आणि तळाचा प्रश्न हे सगळं मिळून मात्र त्या रचनेच्या बरंच जवळ जातं. तेव्हा सगळे पेपर, सगळे तास असा आग्रह असेल तर त्याऐवजी या सत्रात एका पेपरचा एकच घटक, सहा-सात भागांत, पानांसकट पूर्ण करून देते असं त्यांना सांगा. सूक्ष्म अर्थशास्त्रातला मागणीचा घटक घ्या. समवृत्ती वक्र, म्हणजे दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या दाखवणारी रेघ, पहिल्या खेपेला सोडून द्या, त्याची आकृती कानावर पेलायला हात बसलेला असावा लागतो.